प्रमाणित जुनी मोटार घ्यावी काय?

पाण्यांत म्हैस आणि बाहेर मोल, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. न पाहिलेल्या वस्तूचा भाव ठरविणाऱ्याची ती थट्टा आहे. जनावरांच्या बाजारांत हिंगोली जिल्ह्यांतील जाणता शेतकरी अशी फसगत सहसा होऊं देत नाहीं. तो बैलाचे दांत मोजतो, खूर पाहतो, चालवून पाहतो आणि शक्य तर जुंपूनही पाहतो. परंतु त्याच घरांतील शिकलेला मुलगा जुनी मोटार घ्यावयास निघाला, म्हणजे तिचें वय कशावरून ओळखावें हें त्याला उमगत नाहीं. किलोमीटरचा आंकडा हेच तिचे दांत. आणि तो आंकडा लबाड मनुष्याला मागें फिरवितां येतो.

या अडचणींतूनच ‘प्रमाणित’ मोटारींचा व्यापार वाढला. व्यापारी जुनी गाडी विकत घेतो, ठराविक मुद्द्यांवर तपासतो, दुरुस्त करतो आणि कांहीं मुदतीची हमी देऊन विकतो. तशीच गाडी मूळ मालकाकडून घेतली तर बहुधा स्वस्त पडते. मग हे वरचे पैसे देणें शहाणपणाचें आहे काय, हा आजचा प्रश्न.

जॉर्ज अॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांतील मुख्य उदाहरण जुन्या मोटारींच्या बाजाराचेंच होतें. गाडीचे दोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा सर्वच गाड्यांना बेताचा भाव देऊं करतो. त्या भावांत चांगल्या गाडीचा मालक गाडी विकावयास काढीत नाहीं, आणि बाजारांत उरतात त्या बहुधा वाईट. या कोंडींतून सुटण्याचा एक मार्ग म्हणून त्यानें हमीचा उल्लेख केला होता. दोषाचा खर्च स्वतः सोसण्यास जो तयार होतो, त्याच्याच शब्दाला वजन येतें. आपल्या देशांत मारुतीनें २००१ सालीं ‘ट्रू व्हॅल्यू’ या नांवानें असा व्यापार सुरू केला. पुढें इतर कंपन्याही त्यांत उतरल्या.

येथें एक गोष्ट ध्यानांत धरावी. मोटारीवरील ‘प्रमाणित’ हा शब्द सरकारचा शिक्का नव्हे. तें व्यापाऱ्याचें वचन आहे. म्हणून शब्दावर न भुलतां हमीपत्र वाचावें. हमी किती महिन्यांची, किती किलोमीटरची आणि कोणत्या भागांची? बहुधा इंजिन व गिअरबॉक्स तींत येतात. टायर, क्लच, ब्रेकचे पॅड, बॅटरी हे झिजणारे भाग वगळलेले असतात. तपासणीचा कागदही मागून घ्यावा. त्यांत नुसता ‘उत्तम’ असा शेरा असून भागत नाहीं. कोणता भाग बदलला, कोठें पुन्हा रंग दिला, हें लिहिलेलें पाहिजे.

हिंगोलीकराला याशिवाय आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. हमीची दुरुस्ती कोठें होणार? गाडी नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर येथें घेतली आणि दुरुस्तीही तेथेंच होणार असली, तर सेनगांव किंवा कळमनुरी येथें बंद पडलेली गाडी ओढून नेण्याचा खर्च कोणाचा? उत्तर लेखी नसेल तर ती हमी कागदावरच राहते. हैदराबादकडील गाडी कधीं कधीं स्वस्त दिसते. परंतु परराज्यांतील गाडी येथें कायमची आणावयाची म्हणजे तेथील ना-हरकत दाखला, महाराष्ट्राचा कर आणि एमएच-३८ या हिंगोलीच्या मालिकेंत नवी नोंदणी, हीं सर्व आलींच. तो खर्च मिळविला म्हणजे स्वस्ताई पुष्कळदां उडून जाते.

सर्वांत मोठा धोका मात्र इंजिनांत नसून कागदांत असतो. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं निकाल दिलेल्या एका खटल्यांत गाडी एकामागून एक कित्येकांच्या हातीं गेली होती, पण नोंदणी पहिल्या विक्रेत्याच्याच नांवावर राहिली होती. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी न्यायालयानें त्याच्यावरच ठेवली. राज्यांतल्या राज्यांत विक्री झाली तर विकणाऱ्यानें १४ दिवसांत व घेणाऱ्यानें ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावें लागतें. त्यासाठीं नमुना २९ व ३० आहेत. कर्जाचा बोजा उतरविण्यासाठीं नमुना ३५ आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत व्यापाऱ्यांसाठीं स्वतंत्र नियम लागू झाले. गाडी ताब्यांत घेतल्याची रीतसर नोंद झाली, म्हणजे विक्री होईपर्यंत असा व्यापारीच तिचा मालक समजला जातो. म्हणून दुकानाच्या पाटीपेक्षां त्याचें अधिकारपत्र आधीं पाहावें. जुनी गाडी विकणाऱ्या गृहस्थानेंही हेंच करावें.

आतां पैशांचा हिशेब. नोंदणीकृत व्यापाऱ्यास जुन्या मोटारीवर १८ टक्के जीएसटी पडतो, पण तो सामान्यतः पूर्ण किमतीवर नव्हे, खरेदी-विक्रीच्या फरकावर. तीन लाखांची गाडी साडेतीन लाखांस विकली, तर करास पात्र तो पन्नास हजारांचा फरक. दुसरीकडे नव्या लहान मोटारींवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. तेव्हां वर्ष-दोन वर्षें वापरलेल्या गाडीचा भाव नव्या गाडीच्या आजच्या भावाशीं ताडून पाहावा, पहिल्या मालकानें मोजलेल्या किमतीशीं नव्हे.

सारांश असा कीं, गाडी चार-पांच वर्षांची असेल, हमीपत्र स्पष्ट असेल, दुरुस्तीची सोय जवळ असेल आणि घरांत यंत्राचा जाणकार नसेल, तर प्रमाणित गाडीचे वरचे पैसे वायां जात नाहींत. गाडी दहा वर्षांपलीकडची असेल तर त्या शब्दासाठीं जादा पैसे मोजूं नयेत. खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांचीच असते, आणि तोकड्या हमीनें जुनें यंत्र तरुण होत नाहीं. गाडी गांवांतील परिचित डॉक्टरांची किंवा शिक्षकांची, एकहातीं वापरलेली व सर्व्हिसिंगच्या नोंदी राखलेली असेल, तर विश्वासू मेकॅनिकला त्याची मजुरी देऊन तपासून घ्यावी. तो खर्च प्रमाणपत्राहून थोडा आणि उपयोग अधिक. गाडी कोणाकडूनही घेतली, तरी कांहीं रक्कम राखून ठेवण्याचा करार करावा, आणि नोंदणीपुस्तकांत आपलें नांव चढल्यावरच ती द्यावी.