मूठभर नमुना

धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा हे गाव मिरचीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. मिरचीचा जाणता व्यापारी केवळ पोते पाहून सौदा करीत नाही. तो मूठभर मिरची हाती घेतो, तिचा रंग व ओलावा पारखतो आणि मगच भाव बोलतो. नमुना पारखण्याची ही रीत संगणकावर काम करणाऱ्यासही फार उपयोगी पडते.

संगणकाच्या पडद्यावर जे दिसते व ऐकू येते, ते फाइलीत साठविणे म्हणजे स्क्रीन रेकॉर्डिंग होय. मार्च 2020 मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा अनेक शिक्षकांनी या रीतीने पाठ तयार केले. समजा, दोंडाईच्यातील एका शिक्षकाने पडद्यावर आकृत्या काढीत तासभर प्रमेय शिकविले. शेवटी पाहतात तो काय! आकृत्या साऱ्या उमटल्या आहेत. परंतु आवाज मुळीच नाही. आईवडिलांबरोबर ऊसतोडीस गेलेल्या विद्यार्थ्यास अशा मुक्या पाठाचा काय उपयोग?

यंत्रास दोष देण्यापूर्वी त्याचे कार्य समजून घ्यावे. पडदा सूक्ष्म ठिपक्यांचा बनलेला असतो. आडवे 1920 व उभे 1080 ठिपके असलेल्या पडद्यावर एकूण सुमारे 20 लाख 73 हजार ठिपके असतात. अशी चित्रे संगणक बहुधा सेकंदाला 30 या वेगाने टिपतो, त्यांचा आकार आटोपशीर करतो, त्यांना आवाज जोडतो आणि सारे फाइलीत लिहितो. टिपणे, आटोपणे, जोडणे व लिहिणे या त्या चार पायऱ्या होत. दोष कोणत्या पायरीवर आहे, हे त्याच्या लक्षणावरून ओळखता येते.

पडदा काळा उमटला, तर दोष टिपण्यात असतो. मात्र काही चित्रपटांची नक्कल होऊ नये म्हणून ते मुद्दाम संरक्षित केलेले असतात. तेथे काळा चौकोन दिसणे हा बिघाड नव्हे. चित्र अडखळत चालले, तर आटोपण्याचे काम संगणकास झेपत नाही असे समजावे. अशा वेळी नको असलेले प्रोग्राम बंद करावेत किंवा चित्रांचा वेग कमी करावा. आवाज नसेल, तर जोडणी तपासावी. बोलणाऱ्याचा आवाज मायक्रोफोनमधून येतो, तर संगणकाचा आवाज आतूनच येतो. यांपैकी हवा तो निवडला आहे की नाही, हे पाहावे.

चित्रण मध्येच तुटले, तर लिहिण्याकडे लक्ष द्यावे. साठवणीची जागा संपली असेल. किंवा पेन ड्राइव्ह जुन्या फॅट-32 पद्धतीचा असेल. त्यावर 4 गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल मावत नाही. वीज गेल्यासही फाइल निकामी होऊ शकते. एमपी-4 प्रकारच्या फाइलीची सूची बहुधा शेवटी लिहिली जाते; ती राहून गेली की फाइल उघडत नाही. एमकेव्ही प्रकारात तोवरचा भाग सहसा वाचतो.

उपाय करताना एका वेळी एकच बदल करावा. अनेक बदल एकदम केले, तर खरे कारण कोणते होते, हे कळत नाही. प्रत्येक बदलानंतर अर्ध्या मिनिटाचे चित्रण करून ते डोळ्यांनी पाहावे व कानांनी ऐकावे. शितावरून भाताची परीक्षा होते. पाठ देण्यापूर्वी खर्चिलेले हे अर्धे मिनिट शिक्षकाचा तास वाचविते, आणि दूरच्या विद्यार्थ्याचा पाठही.