सॅक्सोफोनचे बारीक सामान : हिफाजत आणि हिशेब

आम्ही कापडवाले. बॅंडवाल्यांशी आमचा संबंध युनिफॉर्मपुरता. गॅबर्डिन, साटीन आणि जरीची लेस. तरी सॅक्सोफोनच्या सामानावर लिहायला बसलो, कारण या सामानाचे नुकसान एकदा आमच्याच दुकानातल्या कपड्याने झाले आहे. वाचकांत बॅंडपथकांचे मालक असतील, त्यांच्या कामी यावे म्हणून सांगतो.

आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाकडे, सारे त्यांना मास्तर म्हणतात, दोन आल्टो आणि एक टेनर सॅक्सोफोन होता. माऊथपीस, रीड, रीड आवळून धरणारे लिगेचर, कॉर्कला लावायचे ग्रीस, सगळे एकाच पत्र्याच्या डब्यात. एका वरातीला डबा उघडला तर आल्टोचे माऊथपीस तीन आणि टेनरचा एकही नाही. आल्टोचा माऊथपीस टेनरच्या गळ्यावर नीट बसत नाही, आणि ठोकून बसवला तर सूर लागत नाही. टेनरवाला गळ्यात पट्टा अडकवून रात्रभर नुसता चालला. वरपक्षाने ठरल्या रकमेतून पैसे कापले.

दुसऱ्या दिवशी मास्तर दुकानात आले. म्हणाले, "सेठ, आता प्रत्येक जिनसाला वेगळी पिशवी शिवतो. स्वस्तातला काळा सुती कपडा काढा." आम्ही काढून दिला. पावसाळा संपल्यावर ते त्याच पिशव्या घेऊन परत आले. चांदीचा मुलामा दिलेली लिगेचरे आत काळी पडली होती.

कसूर आमचीच होती. स्वस्त काळा सुती कपडा बहुधा गंधकाच्या रंगात रंगवलेला असतो. असा कपडा दमट हवेत बरेच दिवस पडून राहिला तर त्यात तेजाब तयार होऊन धागा कमजोर होतो, हे प्रत्येक कापडवाल्याला ठाऊक असते. आम्हालाही होते, पण कापडापुरते. तोच गंधक चांदीला लागला की चांदी काळी पडते, हा विचार गल्ल्यावर बसून सुचला नाही. लोकरीच्या कपड्यातही गंधक असतो, तेव्हा चांदीच्या वस्तूला तीही नको. पिशवीसाठी पांढरे सुती फ्लॅनेल सर्वांत चांगले. ओल पुसण्यासाठी मलमल घ्यावी, मात्र नव्या कपड्यातली खळ दोन-तीन धुण्यांत काढून टाकावी. खळीचा कपडा पाणी टिपत नाही. पॉलिएस्टर तर टिपतच नाही, कितीही धुवा.

गंधकाची गोष्ट इथे संपत नाही. बहुतेक काळे माऊथपीस एबोनाइटचे, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचे असतात. ते उन्हात किंवा दुकानाच्या शोकेसमध्ये राहिले तर हिरवट-तपकिरी होतात आणि तोंडाला कडवट लागतात. गरम पाण्यानेही तेच होते, म्हणून गार पाण्यानेच धुवावेत. लिगेचर साध्या पितळेचे असेल तर ते माऊथपीसवरच चढवून वर टोपी घालावी. म्हणजे लिगेचर चेपत नाही आणि माऊथपीसच्या टोकालाही मार लागत नाही. चांदीच्या मुलाम्याचे असेल तर ते वेगळ्या पिशवीत ठेवावे.

रीड ही तर निव्वळ वेताची पट्टी. त्यासाठीचा नामांकित वेत दक्षिण फ्रान्सच्या वार भागात होतो. (पितळी असूनही या वाद्याची गणती लाकडी वाद्यांत होते ती या रीडमुळेच. अॅडॉल्फ साक्स यांनी पॅरिसमध्ये 1846 साली त्याचे पेटंट घेतले.) वाजवून झाल्यावर ओली रीड माऊथपीसवर तशीच ठेवून टोपी घालणे ही आपल्याकडची सर्वांत मोठी गफलत. पावसाळ्यात तिला बुरशी धरते. पुसून सपाट रीडदाणीत ठेवावी. सुटी खिशात टाकली तर टोक फुटलेच म्हणून समजा. तीन-चार रीड पाळीने वापरल्या तर प्रत्येकीला वाळायला सवड मिळते. डब्यावरचा 2, अडीच, 3 हा आकडा जाडीचा नसून कडकपणाचा असतो, आणि एका कंपनीचा अडीच दुसरीच्या अडीचशी जुळेलच असे नाही. हल्ली प्लास्टिकच्या रीडही मिळतात. त्यांना ओलीची भीती नाही, पण किंमत एकदम मोजावी लागते.

गळ्यावरच्या कॉर्कवर माऊथपीस रात्रभर ठेवू नये. कॉर्क दबतो, मग बसवताना कागद गुंडाळावा लागतो. ग्रीस उन्हाळ्यात वितळते, त्याची डबी रीडपासून लांब हवी.

आता मांडणीचे. शिंप्याकडे बटणांसाठी खणांची प्लास्टिकची पेटी असते, तीच इथे चालते. एका खणात एकाच तऱ्हेची चीज. आल्टोच्या पिशवीला लाल नाडी, टेनरच्या पिशवीला हिरवी. आम्ही ताग्यांना चिठ्ठ्या लावतो तसेच. अंधारात, घाईत आकडा वाचता येत नाही, रंग मात्र दिसतो. पेटीच्या झाकणाला आतून यादी चिकटवावी, जादा स्क्रू आणि छोटा पेचकसही तिच्यात धरावा. मोजणी निघताना नव्हे, वरातीहून परतल्यावर, सामान गाडीत चढवण्यापूर्वी करावी. निघताना कमी भरले तर शोधायला वेळ कुठला? माऊथपीस ज्याचा त्याच्याच नावे वहीत लिहावा. एकाचा दुसऱ्याने तोंडाला लावणे तसेही बरे नव्हे.

मास्तरांच्या लिगेचरांवरचा काळेपणा आम्ही चांदीच्या पॉलिशने हलक्या हाताने काढवून घेतला. मुलामा पातळ असतो, जोराने घासला तर खालचे पितळ दिसू लागते. एकावर ते दिसलेच. फ्लॅनेलचे पैसे आम्ही घेतले नाहीत. टेनरचा हरवलेला माऊथपीस पुढे ढोलाच्या खोळीत सापडला, पण त्याच्या टोकाचा कपचा उडाला होता. वरचा सूर घेतला की तो किंचाळतो. मास्तरांनी तो आता नव्या पोरांच्या रियाजासाठी ठेवला आहे.