टांकसाळीतून निसटलेली नाणी

सुट्ट्या पैशांतून कधी तरी हाती येणारे सदोष नाणे हा टांकसाळीच्या कामाचा अस्सल पुरावा असतो. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा या चार सरकारी टांकसाळींत नाणी तपासूनच बाहेर पाठवतात. तरी एखादे निसटते. असे नाणे सापडले, की किमतीच्या आधी एक प्रश्न विचारावा : चूक नेमकी कुठल्या पायरीवर घडली?

पायऱ्या तीन : चकती, ठसा आणि प्रहार. पत्र्यातून चकत्या कापताना आधीच्या भोकावरच कापणी पडली, तर कडेचा चंद्रकोरीएवढा तुकडा कमी भरतो. अशा अस्सल नाण्याची बरोबर समोरची कडाही बहुधा पुसट असते. तिथे कडा उचलणारा दाब पुरेसा बसलेला नसतो. कानशीने घासलेल्या नाण्यात हा पुसटपणा आढळत नाही.

ठशाला तडा गेला, की भेगेत धातू शिरून नाण्यावर उंच रेघ उठते. रेघ खोलगट असेल तर तो ओरखडा समजावा. आपली नाणी पुस्तकाच्या पानासारखी उलटली, की मागची बाजू सरळ दिसते. ती तिरपी दिसली तर ठसा फिरलेला असतो.

प्रहाराच्या चुका सर्वांत देखण्या. चकती जागेवरून सरकली, की एका बाजूला कोरी कोर राहते. आधीचे नाणे ठशालाच चिकटून राहिले, की पुढच्या चकतीवर त्याची उलटी, खोलगट प्रतिमा उमटते. संग्राहक तिला ‘लखी’ म्हणतात. दोन नाणी व्हाइसमध्ये दाबून तिची नक्कल करतात. पण त्या दाबाने मूळची नक्षी चेपते आणि लबाडी उघडी पडते.

प्रत्येक वेगळेपण म्हणजे चूक नव्हे. सालाखालचा हिरा मुंबईचा, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा. कोलकात्याच्या नाण्यावर खूणच नसते. दहा रुपयांच्या नाण्याचे १४ नमुने चलनात असून ते सारे वैध आहेत, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले. या नाण्याचे ठरलेले वजन ७.७१ ग्रॅम, व्यास २७ मिलिमीटर. शंका आली तर आधी सोनाराच्या काट्यावर वजन करावे आणि भिंगाखाली पाहावे.

जपणुकीचा पहिला नियम : नाणे घासू नये. चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर यांनी वरचा थर जातो आणि त्याबरोबर अस्सलपणाच्या खुणाही. नाणे कडेने धरावे. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून कालांतराने आम्ल सुटते आणि नाण्यावर हिरवा, चिकट थर चढतो. म्हणून पॉलिएस्टरची पाकिटे घ्यावीत. रबरबँडमधले गंधक धातू काळवंडवते. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवून ती वरचेवर बदलावी. कोकणातल्या पावसाळ्यात तर हे हवेच.

जुन्या नाण्यांना लाखो रुपये देण्याचे आमिष दाखवून आधी शुल्क मागणाऱ्यांपासून रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये सावध केले होते. बँक असे व्यवहार करत नाही आणि तिच्या नावाने कोणाला शुल्क घेण्याचा अधिकारही नाही.

नाणे कुठे, कधी मिळाले, वजन किती, खूण कोणती, हे चिठ्ठीवर लिहून दोन्ही बाजूंच्या छायाचित्रांसह ठेवावे. नाशिकजवळच्या अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे; तिथले संग्रहालय पाहिले, की नोंदीचे मोल कळते. नोंद नसलेले नाणे फक्त विकता येते. नोंद असलेले अभ्यासताही येते.