घरी मोठी गॅसशेगडी लावताय? आधी रेग्युलेटर, जेट आणि नळीची जोडी जुळवा

सणासुदीच्या फराळाच्या ऑर्डर, मेसचे डबे, सोसायटीचा महाप्रसाद. घरच्या घरी मोठा स्वयंपाक करणाऱ्यांना दोन बर्नरची शेगडी लवकरच अपुरी पडते. मग बाजारातून लोखंडी भट्टी आणली जाते आणि घरातल्याच सिलिंडरला, आहे त्याच नळीने जोडली जाते. धोका सुरू होतो तो इथेच. मोठी शेगडी निवडताना नेमके काय पाहायचे, ते समजून घेऊ.

मोठ्या शेगडीची खरेच गरज आहे का?

साधा हिशेब करू. २० लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायचे आहे. घरगुती शेगडीचा मोठा बर्नर साधारण दोन ते अडीच किलोवॉट उष्णता देतो. त्यावर हे पाणी उकळायला तासाहून अधिक वेळ लागतो. सात किलोवॉटच्या भट्टीवर तेच काम साधारण अर्ध्या तासात होते.

मात्र यात वेळ वाचतो, गॅस वाचेलच असे नाही. मोठी ज्योत पातेल्याच्या कडेने वर गेली, तर बरीच उष्णता हवेत जाते. त्यामुळे ज्योत पातेल्याच्या बुडाबाहेर जाणार नाही, एवढ्याच घेराचा बर्नर घ्या. दहा-बारा लिटरपर्यंतच्या कामाला घरगुती शेगडी आणि झाकण पुरते.

लो प्रेशर की हाय प्रेशर?

घरगुती रेग्युलेटर गॅसचा दाब सुमारे ३० मिलिबारवर आणून ठेवतो. हा दाब आपल्याला बदलता येत नाही. हाय प्रेशर रेग्युलेटर त्याच्या कित्येक पट दाब देतो आणि तो कमी-जास्त करता येतो.

बर्नरच्या तोंडाशी असलेले बारीक छिद्र म्हणजे जेट. ते ठराविक दाबासाठीच बनवलेले असते. हाय प्रेशर भट्टीला घरगुती रेग्युलेटर लावला, तर ज्योत मिणमिणती राहते. उलट, घरगुती शेगडीला हाय प्रेशर रेग्युलेटर लावला, तर ज्योत भडकते आणि कमी दाबासाठी बनवलेली नळी व कॉक गळू शकतात. म्हणून शेगडी एकटी विकत घेऊ नका. तिच्यासोबत कोणता रेग्युलेटर आणि कोणत्या दाबाची नळी लागते, हे दुकानदाराला आधी विचारा. ज्योत वाढावी म्हणून जेटचे छिद्र सुईने किंवा ड्रिलने मोठे करणे हा तर निव्वळ जिवाशी खेळ आहे.

घरी पाइप गॅस असेल तर वेगळी काळजी घ्यावी लागते. सिलिंडरसाठीची शेगडी जेट न बदलता पाइप गॅसवर चालवू नका. हे काम गॅस कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या.

सिलिंडर कोणता?

घरगुती वापराचा १४.२ किलोचा सिलिंडर व्यवसायासाठी वापरणे नियमबाह्य आहे. ऑर्डर घेऊन पदार्थ विकत असाल, तर १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरची जोडणी घ्या. सात किलोवॉटची भट्टी पूर्ण ज्योतीवर तासाला साधारण अर्धा किलोहून थोडा अधिक गॅस खाते.

भट्टी बराच वेळ जोरात चालली, की सिलिंडर गार पडतो, त्यावर दव किंवा बर्फ धरतो आणि ज्योत मंदावते. आतल्या द्रव गॅसची वाफ होताना उष्णता शोषली जाते, म्हणून असे होते. अशा वेळी काही जण सिलिंडर गरम पाण्यात ठेवतात किंवा आडवा करतात. हे कधीही करू नका. आडव्या सिलिंडरमधून द्रव गॅस थेट रेग्युलेटरमध्ये येऊ शकतो. ज्योत कमी करा. असे वारंवार होत असेल, तर दोन सिलिंडर एकत्र जोडण्याचे काम वितरकाच्या मेकॅनिकला सांगा.

जागा कशी हवी?

सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो. त्यामुळे तळघर, काचा लावून बंद केलेली गॅलरी किंवा गटाराच्या झाकणाजवळची जागा टाळा. बंद खोलीत मोठ्या ज्योतीमुळे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचण्याचीही भीती असते. त्याला वास नसतो.

शेगडी सपाट, पक्क्या जमिनीवर ठेवा. २० लिटर पाणी आणि पातेले मिळून वजन २५ किलोच्या घरात जाते. उकळत्या तेलाची कढई कलंडली तर सावरायला वेळ मिळत नाही. सिलिंडर उभाच ठेवा आणि ज्योतीच्या झळेपासून जमेल तितका लांब ठेवा. वाऱ्यासाठी पत्र्याचा आडोसा केला, तर सिलिंडर त्याच्या बाहेर हवा.

पेटवण्याआधी आणि पेटवल्यावर

• नळीची दोन्ही टोके क्लॅम्पने आवळा. नळीवर छापलेली मुदत पाहा.

• शेगडीची चावी बंद ठेवून रेग्युलेटर चालू करा आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावा. बुडबुडे आले म्हणजे गळती आहे. काडी पेटवून तपासू नका.

• आधी लायटर बर्नरजवळ न्या, मग गॅस सोडा.

• ज्योत निळी आणि स्थिर हवी. पिवळी पडून पातेले काळे होत असेल, तर बर्नरची हवेची चकती थोडी उघडा. ज्योत बर्नरपासून उचलली जात असेल, तर हवा किंवा दाब कमी करा.

• काम संपल्यावर आधी सिलिंडरकडून गॅस बंद करा. नळीतला गॅस जळून जाऊ द्या, मग शेगडीची चावी फिरवा.

गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, विजेच्या एकाही बटणाला हात लावू नका. बाहेर येऊन १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. हा क्रमांक आजच मोबाइलमध्ये साठवून ठेवा.