रणगाड्याचा पत्रा आणि छापखान्याचा ठसा

— द्वितीय वर्ष, कला

रणगाड्याची प्रतिकृती म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे किल्ली देऊन पळवायचे खेळणे उभे राहते. प्रस्तुत लेखाचा विषय असलेली प्रतिकृती त्या जातीची नव्हे. ती मापाबरहुकूम करावी लागते. मूळ गाडीवर जिथे खिळा आहे तिथे खिळा, जिथे पत्र्याची पेटी आहे तिथे पेटी, आणि सर्व काही एकाच प्रमाणात लहान केलेले. हे काम करताना धातूचे बारीक भाग कसे तयार करतात आणि त्या विद्येचा आमच्या गिरगावशी काय संबंध आहे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम प्रमाणाविषयी. रणगाड्यांच्या प्रतिकृतींत १:३५ हे प्रमाण जगभर रूढ आहे. त्याचे मूळ शास्त्रात नाही. १९६० च्या दशकाच्या आरंभी जपानमधील तामिया या कंपनीने पँथर या जर्मन रणगाड्याचा संच काढला. त्याच्या पोटात मोटर आणि बॅटरीचे सेल मावले पाहिजेत, या गरजेतून त्याचा आकार ठरला आणि मागाहून हिशेब केला तेव्हा तो सुमारे १:३५ भरला. पुढे इतरांनीही तेच प्रमाण उचलले. सोयीतून निघालेली गोष्ट पुढे नियम होऊन बसते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला नवे वाटू नये.

मी निवडलेला रणगाडा म्हणजे ब्रिटिश बनावटीचा सेंच्युरियन. तोफेसह त्याची लांबी सुमारे ९.८ मीटर, रुंदी ३.४ मीटर आणि वजन ५२ टनांच्या आसपास. १:३५ ने भागले म्हणजे लांबी २८ सेंटिमीटर आणि रुंदी पावणेदहा सेंटिमीटरच्या आत येते. वजन मात्र ३५ ने भागून चालत नाही. लांबी, रुंदी व उंची तिन्ही घटत असल्यामुळे ते ३५ च्या घनाने, म्हणजे ४२,८७५ ने भागावे लागते. उत्तर येते सव्वा किलोच्या आत-बाहेर!

हा रणगाडा आपल्याला परका नाही. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत पूना हॉर्स या रेजिमेंटकडे सेंच्युरियन होते. १९६५ मध्ये याच रेजिमेंटचे नेतृत्व करताना लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर धारातीर्थी पडले. त्यांचा जन्म मुंबईचा. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी पेटलेला रणगाडा सोडण्यास नकार दिला. त्यांचा जन्म पुण्याचा आणि त्या दिवशी त्यांचे वय अवघे २१ वर्षांचे होते. दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. रणगाडे प्रत्यक्ष पाहावयाचे असतील तर अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला जावे. तेथे १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे.

आता धातू कशासाठी, हा प्रश्न. बाजारात मिळणारा संच प्लॅस्टिकचा असतो. साच्यात ओतलेले प्लॅस्टिक फार पातळ करता येत नाही. ते साच्यात नीट भरत नाही आणि भरले तरी मोडते. समजा, संचातील मडगार्ड एक मिलिमीटर जाड आहे. त्याला ३५ ने गुणले तर मूळ गाडीवर ते साडेतीन सेंटिमीटर जाडीचे ठरेल! प्रत्यक्षात तिथे काही मिलिमीटरचा पत्रा असतो. पाच मिलिमीटरचा पत्रा १:३५ मध्ये दाखवायचा तर ०.१४ मिलिमीटर जाडीची वस्तू हवी. हे काम पितळेचा पातळ पत्राच करू शकतो. शिवाय सेंच्युरियनच्या चाकांवरून खाली येणारे बाजूचे पत्रे शेतांतून, झाडाझुडपांतून जाताना वाकत, कधी निखळत. पितळेचा पत्रा चिमट्याने वाकवला की खऱ्यासारखा वाकतो. प्लॅस्टिकवर तोच पोचा कोरून काढावा लागतो आणि तो कोरलेलाच दिसतो.

एवढ्या पातळ पत्र्यातून नखाएवढ्या कड्या आणि जाळ्या कात्रीने कापता येत नाहीत. त्या आम्लाने कोरतात. आणि येथेच रणगाडा आमच्या गल्लीत येतो.

गिरगाव-काळबादेवीचा परिसर हे मराठी छपाईचे माहेरघर. १८६९ साली जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला. पुढे खटाववाडीत मौज प्रिंटिंग ब्यूरो आला. खिळ्यांनी मजकूर छापता येतो, पण चित्र आणि फोटो कसे छापायचे? त्यासाठी धातूचा ठसा, म्हणजे ब्लॉक, करून घ्यावा लागे. माझे आजोबा सातवी शिकून कोकणातून मुंबईस आले आणि गिरगावातल्या एका ब्लॉक करणाऱ्या कारखान्यात लागले. १९७१ च्या डिसेंबरात रणगाड्यांच्या फोटोंचे ब्लॉक त्यांनी रात्रपाळीत केले. ठशावरचे चित्र उलटे असते, त्यामुळे त्यांनी पाहिलेल्या सगळ्या रणगाड्यांच्या डाव्या-उजव्या बाजू बदललेल्या होत्या. ऐंशीच्या दशकात ऑफसेट छपाई वाढत गेली, तशी ब्लॉकची मागणी आटली. आजोबांनी पुढची वर्षे एका दुकानात खोकी बांधण्यात काढली. आमच्या घरात त्यांच्या जुन्या कामाचा विषय क्वचितच निघे. जे गेले ते गेले, अशीच सर्वांची समजूत होती.

ब्लॉकची कृती अशी. जस्ताच्या प्लेटवर अंड्याचा पांढरा भाग आणि अमोनियम बायक्रोमेट यांचा लेप देत. वर निगेटिव्ह ठेवून प्रखर दिव्याचा प्रकाश सोडत. प्रकाश लागला तिथला लेप घट्ट होई, बाकीचा पाण्याने धुऊन जाई. मग प्लेट नायट्रिक ॲसिडमध्ये घालत. उघडा भाग खाल्ला जाई आणि झाकलेला भाग वर राही. तांब्याच्या प्लेटसाठी नायट्रिकऐवजी फेरिक क्लोराइड वापरत. फोटोसाठी मध्ये रेघांची जाळी धरून त्याचे ठिपके करीत. वर्तमानपत्राला इंचात सुमारे ६५ रेघा, गुळगुळीत कागदाला १३३ पर्यंत. इंचात १३३ म्हणजे दोन ठिपक्यांतले अंतर ०.१९ मिलिमीटर. माझ्या रणगाड्याच्या दिव्यांभोवतीची कांब साधारण तेवढीच रुंद आहे. म्हणजे आज परदेशातून येणारे, कधीकधी मूळ संचाइतकीच किंमत असलेले पितळी भागांचे पत्रे ज्या विद्येने होतात, ती विद्या आमच्या खोलीत खाटेवर बसून होती!

तेव्हा हे पत्रे घरीच करावयाचे ठरवले. पितळेचा ०.१५ मिलिमीटरचा पत्रा पायधुणीच्या तांबाकाट्यावरून आणि फेरिक क्लोराइड लॅमिंग्टन रोडवरून आणले. सर्किट बोर्ड करणारे ते वापरतात. अंड्याऐवजी आता प्रकाशाने घट्ट होणारी निळी फिल्म मिळते. ती इस्त्रीने पत्र्याच्या दोन्ही बाजूंना चिकटवायची. त्याआधी पत्रा घासून स्वच्छ करावा लागतो. आजोबांचे पहिले वाक्य हेच होते: "बोट लावू नकोस गं. बोट लागलं की तिथं लेप धरत नाही."

चित्र पारदर्शक फिल्मवर छापतात. जो भाग राखायचा तो पारदर्शक, जो खायचा तो काळा. फणसवाडीतल्या आमच्या चाळीच्या गॅलरीत सकाळी तासदीड तास ऊन येते, तेच आमचा दिवा. उन्हात किती वेळ धरायचे, हे आधी लहान तुकड्यांवर पाहून ठरवतात. नंतर धुण्याच्या सोड्याच्या पातळ पाण्यात कच्ची फिल्म निघून जाते आणि पत्रा फेरिक क्लोराइडमध्ये जातो. भांडे प्लॅस्टिकचे हवे, कारण धातूचे भांडे तेच खाऊन टाकील. हातमोजे हवेत आणि खिडकी उघडी हवी. वापरून झालेले पाणी मोरीत ओतू नये. त्यात विरघळलेले तांबे असते.

यातली खरी अडचण अशी की, द्रावण खाली खाते तसे बाजूलाही खाते. ब्लॉकवाले यासाठी लाल राळेची पूड चारही दिशांनी ब्रशने रेघांच्या कडांना लावून प्लेट तापवीत, म्हणजे कडा झाकल्या जात. मग पुन्हा ॲसिड, पुन्हा पूड. पातळ पितळेला दुसरी युक्ती आहे. पत्रा दोन्ही बाजूंनी एकाच वेळी खाऊ द्यायचा, म्हणजे निम्म्या वेळात दोन्हीकडचे खड्डे मध्ये भेटतात आणि कडा फारशी झिजत नाही. मात्र दोन्ही बाजूंची चित्रे केसभरही सरकता कामा नयेत. याचाच दुसरा फायदा असा, की एखादी रेघ एकाच बाजूला काढली तर पत्रा तिथे निम्माच खाल्ला जातो. ती घडीची रेघ. घडी घालताना ती रेघ आतल्या अंगाला ठेवतात; पेटीचे कोपरे काटकोनात बसतात. एकच घडी पुन्हापुन्हा उलगडू नये, पितळ कडक होऊन तुटते. गोलाई द्यायची असेल तर पत्रा आधी तापवून नरम करावा.

जोड दोन प्रकारचे. पितळाला पितळ जोडायचे तर डाग द्यावा. कथील आणि शिसे यांचा नेहमीचा डाग सुमारे १८५ ते १९० अंशांवर वितळतो. प्लॅस्टिक मात्र १०० अंशांच्या सुमारासच मऊ पडते. म्हणून पेटी पूर्ण जोडून घ्यावी आणि मगच झटपट चिकटणाऱ्या डिंकाने प्लॅस्टिकवर बसवावी. रंगापूर्वी अस्तराचा हात द्यावा, नाहीतर गुळगुळीत पितळेवरून रंग सोलून निघतो.

एक सावधगिरी. धातू हाती आला की सर्वत्र तोच लावण्याचा मोह होतो. पण सेंच्युरियनचा बुरूज ओतीव पोलादाचा, जाड आणि खरबरीत आहे. तिथे पातळ पितळ खोटे दिसेल. मूळ गाडीत जिथे पत्रा आहे तिथेच पत्रा, हा नियम मी पाळला आहे. प्रतिकृती चकचकीत होण्यापेक्षा खरी होणे महत्त्वाचे.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने हे कशासाठी करावे, असे मला एका वर्गमैत्रिणीने विचारले. उत्तरादाखल दोन गोष्टी सांगते. पहिली रणगाड्याविषयी. त्याच्या पोटात चार माणसे बसत. त्यांची जागा कागदावर १:३५ ने आखू लागले तेव्हा ती किती अपुरी होती हे कळले. 'रणगाडा सोडला नाही' हे वाक्य मी शाळेतही वाचले होते, पण सोडायचा म्हणजे कोणत्या झाकणातून, किती अरुंद वाटेने, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

दुसरी गोष्ट घराविषयी. महाविद्यालयात पाऊल टाकणारी आमच्या घरातली मी पहिलीच. शिक्षण म्हणजे वडीलधाऱ्यांच्या कामापासून दूर जाणे, असे नकळत मनात ठसते. आजोबांनी ज्या कृतीला "ॲसिड चावतं" म्हटले, तिची समीकरणे पुस्तकात आहेत. पण चावणे पुरे झाले हे कडेच्या रंगावरून ओळखणे मला पुस्तकात सापडले नाही. ते त्यांनी भिंगातून दाखवले. त्यांचे वय आता ७८ आहे, नजर उतरली आहे.

म्हणून सध्या मी रणगाड्याइतकेच लक्ष एका वहीला देते आहे. लेप, वेळ, पूड, ताव, जसे ते सांगतात तसे त्यांच्याच शब्दांत उतरवून घेते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी खिळे जुळवणारे, माग चालवणारे, साचे करणारे कुणी असतील. त्यांना विचारावयास फार खर्च येत नाही. एक वही, आणि रविवारची दुपार पुरते.