उशिरा पिकलेला आवाज

ऑपेरा म्हणजे युरोपातले संगीत नाटक. पुरुषांच्या आवाजाचे तिथे ढोबळमानाने तीन प्रकार मानतात. सर्वांत चढा तो टेनर, मधला बॅरिटोन आणि सर्वांत खालचा बास, आपल्या भाषेत खर्जाचा. प्रेमात पडणारा तरुण नायक बहुधा टेनर असतो. बासच्या वाट्याला राजे, धर्मगुरू, म्हातारे बाप आणि सैतान येतात. मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट'मधला सारास्ट्रो बास, गुनोच्या 'फाउस्ट'मधला सैतान बास आणि अपराधाच्या जाणिवेने पोखरलेला मुसोर्गस्कीचा झार बोरिस गोदुनोव्हही बासच. म्हणजे ज्याने आयुष्य पाहिले आहे, ज्याच्या हाती सत्ता आहे आणि मनात काहीतरी सलते आहे, त्याला खालचा सूर द्यायचा, असा हा संकेत.

गंमत अशी की हा आवाज पिकतोही उशिरा. टेनर पंचविशीत चमकू शकतो. बासला तिशी-चाळिशीची वाट पाहावी लागते. शिवाय समोर साठ-सत्तर वाद्ये आणि ध्वनिक्षेपक नाही. तरीही तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, तो ओरडून नव्हे. घशाची पोकळी अशी काही घडवायची की आवाजात सेकंदाला तीन हजार कंपनांच्या आसपास एक धार येते. वाद्यवृंद नेमका त्या जागी दुबळा असतो. फ्योदोर शाल्यापिन हा रशियन गायक या विद्येचा बादशहा. त्याचा जन्म १८७३ मध्ये कझान शहरात एका गरीब कारकुनाच्या घरी झाला आणि बोरिसच्या भूमिकेने त्याने जग जिंकले. ऑपेराचा गायकही अभिनय करू शकतो, हे लोकांना पटले ते त्याच्यामुळे.

आपल्याकडे १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हा ध्वनिक्षेपक आपल्यालाही नव्हता. पण आपण उपाय वेगळा शोधला. पट्टी चढवली. केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ यांची गाणी ऐका. आवाज तीरासारखा वर जातो. याच रत्नागिरीत स्थानबद्ध असताना सावरकरांनी लिहिलेले 'संन्यस्त खड्ग' १९३१ मध्ये दीनानाथांच्या बळवंत संगीत मंडळीने केले, तेही त्याच चढ्या गायकीच्या बळावर. या परंपरेत खर्जाच्या, प्रौढ आवाजाला नायकाची जागा कुठली असणार?

ती जागा निर्माण झाली २४ डिसेंबर १९६७ रोजी. त्या दिवशी पुरुषोत्तम दारव्हेकरांचे 'कट्यार काळजात घुसली' प्रथम रंगमंचावर आले आणि डॉ. वसंतराव देशपांडे खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले झाले. पाश्चात्त्य मोजमापाने वसंतराव बास नव्हेत. त्यांचा गळा तिन्ही सप्तकांत मोकाट फिरे. पण ऑपेरात बासला जी माणसे साकारायला मिळतात, तसा माणूस मराठी संगीत नाटकाच्या मध्यभागी उभा राहिला तो त्यांच्या रूपाने. तेव्हा त्यांचे वय होते सत्तेचाळीस.

हा उशीर कसा झाला, ते पाहण्यासारखे आहे. १९२० मध्ये मूर्तिजापूरला जन्म. वडील घराबाहेर, आईने एकटीने नागपुरात वाढवले. शंकरराव सप्रे हे पहिले गुरू. १९३५ मध्ये भालजी पेंढारकरांच्या 'कालिया मर्दन' चित्रपटात हा मुलगा कृष्ण झाला. पुढे लाहोरला असद अली खाँ यांच्याकडे शिकायला मिळाले, तेव्हा खाँसाहेबांनी कित्येक महिने मारवा हा एकच राग दिला म्हणतात. सुरेशबाबू माने, भेंडीबाजारचे अमान अली खाँ यांच्याकडूनही त्यांनी घेतले. आणि एवढे सगळे घेऊन हा माणूस पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून झाला. वीस वर्षांहून अधिक काळ दिवसा आकडे आणि रात्री सूर. शाल्यापिनच्या बापाची नोकरी आमच्या गवयाने स्वतः केली! मला वाटते, त्या वर्षांतली घुसमट वाया गेली नाही. खाँसाहेबाच्या आवाजात जी धुमस आहे, ती विशीतल्या गायकाला नुसत्या रियाजाने मिळत नाही.

नाटकातला खाँसाहेब पंडित भानुशंकरांकडून वर्षानुवर्षे हरला आहे. शेवटी राजगायकाचे पद, हवेली आणि एक खून माफ असलेली कट्यार त्याला मिळते, पण ती पंडितजींचा आवाज गेल्यामुळे. न गाता मिळालेला हा विजय त्याला टोचतो. आपल्या घराण्याची विद्या तो बाहेर जाऊ देत नाही, आणि पंडितजींचा शिष्य सदाशिव नोकर बनून ती चोरायला हवेलीत येतो. जितेंद्र अभिषेकींनी इथे संगीताचीच दोन माणसे केली. कमळात रमलेल्या भुंग्याचे एकच पद दोन वेगळ्या रागांत येते. एक चाल शांत, देवघरातल्यासारखी. दुसरी खाँसाहेबाची, आडवळणे घेत झेप टाकणारी. शब्द तेच, पण स्वभाव पार बदलतो.

मी मराठीत लिहिणारा कोकणी मुसलमान. आमच्या घरात खाँसाहेबासारखे उर्दू वळणाचे कोणी बोलत नाही. आमची बोली इथल्या खाडीकाठची. तरी हे पात्र मला जवळचे वाटते, कारण दारव्हेकरांनी त्याला खलनायक केले नाही की गुळगुळीत साधूही केले नाही. त्याला मत्सर दिला, अहंकार दिला, आणि त्या दोहोंपेक्षा मोठे असे सुराचे प्रेम दिले. त्याची मुलगी झरीना साकारली होती सोलापूरच्या फय्याज यांनी. रत्नागिरीत हे नाटक मी पुढच्या पिढीतल्या गायकांकडून पाहिले. आजूबाजूचे प्रेक्षक बाजू कोणाची घ्यावी अशा पेचात पडलेले दिसले. सदाशिव शिकावा असेही वाटत होते आणि म्हाताऱ्याचा मान राहावा असेही.

वसंतराव १९८३ च्या ३० जुलैला गेले. नाटक थांबले नाही. नातू राहुल देशपांडे यांनी ते पुन्हा उभे केले, आणि २०१५ च्या चित्रपटात सचिन पिळगावकरांच्या खाँसाहेबाला आवाजही त्यांनीच दिला. आजोबांच्या मुद्रणाशी नातवाचे गाणे ताडून पाहण्याची चटक मला लागली आहे. तुम्हीही ऐका, पण टाळ्या घेणाऱ्या तानेकडे लगेच धावू नका. तान संपवून वसंतराव खाली येतात, मंद्रात क्षणभर थांबतात आणि श्वास घेतात, तिथे कान लावा.