पेटीतला ट्रक

मुलांनो, चादरी आणि टॉवेलांचे गठ्ठे भरून सोलापूरहून पुण्याकडे, हैदराबादकडे निघालेले ट्रक तुम्ही नेहमी पाहता. असाच हुबेहूब ट्रक टेबलावर मावेल एवढा करता येतो. त्यासाठी प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचे संच असतात.

अमेरिकेतील ए.एम.टी. कंपनीने १९७० च्या सुमारास पीटरबिल्ट ट्रकचा संच काढला. त्याचे बॉनेट लांब, पुढे आलेले. आपल्याकडे १९५४ पासून बनू लागलेल्या टाटा-मर्सिडीज ट्रकचे बॉनेटही पुढेच असे. या संचाचे प्रमाण १:२५ आहे. म्हणजे खऱ्या ट्रकची २५ फूट लांबी नमुन्यात १ फूट होते. चाक, आरसा, पायरी, सारे याच हिशोबाने लहान केलेले. म्हणूनच तो नुसते खेळणे वाटत नाही.

भाग चौकटीतून कापून, कडा घासून, आधी कोरडेच बसवून पाहावेत. यातला गोंद साधा नसतो. तो प्लॅस्टिक किंचित विरघळवतो आणि दोन भाग एकजीव होतात. मग चुकलेला जोड सुटणे कठीण! गोंद वापरताना खिडकी उघडी ठेवा.

न जोडलेल्या जुन्या संचाला किंमत जास्त येते, म्हणून काही संग्राहक पेटी उघडतही नाहीत. पण बंद पेटीतही संच बिघडू शकतो. मऊ टायर वर्षानुवर्षे एखाद्या भागाला टेकून राहिले, तर टायरमधील तेलकट द्रव्य त्यात उतरते आणि तेथे प्लॅस्टिक वितळून खड्डा पडतो. जुना संच हाती आला, तर पेटी उघडा आणि प्रथम टायर वेगळ्या पाकिटात ठेवा.